सुट्ट्या पैशांतली एरर नाणी कशी ओळखायची: एक भिंग, एक वजनकाटा आणि भरपूर संशय

मला सापडलेलं पहिलं एरर नाणं, म्हणजे टांकसाळीत बनतानाच काहीतरी चुकलेलं नाणं, हे एरर नव्हतंच. त्याची कड सगळीकडून आत वळलेली, जाडजूड, अक्षरं अर्धी कडेखाली गडप झालेली, आणि मी ते दोन महिने कापसात गुंडाळून जपलं होतं. मग एका जुन्या संग्राहकांना दाखवलं तर त्यांनी दोन सेकंदांत परत केलं, म्हणाले हे कपडे वाळवायच्या मशीनच्या ड्रममध्ये अडकलेलं नाणं आहे, महिनोनमहिने आपटत राहिलं की कड अशी गुंडाळली जाते. मी वाद घालायला लागलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "टांकसाळीतल्या कुठल्या मशीनमध्ये असं होईल, सांग बघू?"

मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नाण्याला हाच प्रश्न विचारतो, आणि खाली जे लिहिलंय ते सगळं या प्रश्नाचं उत्तर शोधायची पद्धत आहे. एरर नाण्यांच्या याद्या पाठ करून फार उपयोग होत नाही. नाणं बनतं कसं हे एकदा डोक्यात बसलं की याद्या लागतच नाहीत.

आधी नाणं बनतं कसं ते

धातूच्या लांब पट्ट्यातून पंच मारून गोल चकत्या काढतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, मग एका मशीनमधून फिरवून त्यांची कड थोडी उचलून घेतात. आता ही चकती प्रेसमध्ये जाते, तिथे खाली एक डाय, म्हणजे चित्र कोरलेला ठसा, वर एक डाय आणि भोवती कॉलर नावाची रिंग. एक दणका बसतो, धातू डायच्या खोलगट भागात शिरतो, बाहेर पसरायला जातो तर कॉलर अडवते, आणि कडेवरच्या बारीक रेघाही बहुतेक वेळा त्या कॉलरनेच उमटतात. मिनिटाला शेकडो नाणी अशी पडतात, त्यामुळे गडबड झाली तरी कुणाच्या लक्षात येईपर्यंत बरीच नाणी पोत्यात गेलेली असतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. डायवर चित्र खोलगट आणि उलटं असतं, म्हणून नाण्यावर ते उठावाचं आणि सुलटं येतं. म्हणजे डायला भेग पडली तर धातू त्या भेगेत शिरणार आणि नाण्यावर उंच रेघ येणार. डायचा टवका उडाला तर नाण्यावर फुगवटा. उलट डायच्या खाचेत ग्रीस किंवा कचरा भरला तर तिथे धातू शिरणारच नाही, म्हणजे अक्षर पुसट किंवा गायबच. आणि नाण्यावर नुसता खड्डा किंवा चरा असेल तर तो बहुतेक वेळा बाहेर, कुणाच्या तरी हातून किंवा गल्ल्यात झालेला असतो. उंचवटा दिसला तर आशा ठेवा, खड्डा दिसला तर आधी शंका घ्या. अपवाद आहेत, ते पुढे येतील.

एररचे ढोबळ तीन गट करतात: चकतीत आधीच असलेले दोष, डायचे दोष, आणि छापताना झालेले दोष. डायचा दोष त्या डायमधून पुढे निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येतो, छापतानाचा दोष बहुधा एकट्या नाण्याचा असतो. म्हणून एखादी विचित्र खूण दिसली की त्याच वर्षाची, त्याच टांकसाळीची अजून नाणी शोधा. अगदी तीच खूण अगदी त्याच जागी दुसऱ्या नाण्यावर मिळाली तर ती डायमधूनच आलीय, यापेक्षा चांगला पुरावा घरबसल्या मिळत नाही.

काय काय लागतं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला कॅलिपर, एक साधं लोहचुंबक आणि मान वळवता येणारा टेबललॅम्प. बस. कॉम्प्युटरला जोडायचा मायक्रोस्कोप सुरुवातीला घेऊच नका, दोनशे पट मोठं करून बघितलं की जगातलं प्रत्येक नाणं एरर वाटायला लागतं, मी त्या तापातून गेलोय. दहा पटीच्या भिंगात जे दिसत नाही त्यासाठी सहसा कुणी जास्त पैसे मोजत नाही.

लॅम्प वरून नाही, बाजूने, अगदी तिरका ठेवायचा. आणि नाणं बोटांत हळूहळू फिरवायचं. वरून सरळ उजेड पडला की उंचवटा आणि खड्डा सारखेच दिसतात, तिरक्या उजेडात सावली कुठल्या बाजूला पडते त्यावरून लगेच कळतं. फोटोत तर हमखास फसायला होतं, खड्डा उंच वाटतो आणि उंचवटा खड्डा, म्हणून फोटोवरून मत देणाऱ्यांवर आणि मागणाऱ्यांवरही जरा सबुरीनेच विश्वास ठेवा.

आणि नाणं धुवायचं नाही. पुसायचं नाही, घासायचं नाही, लिंबू चिंच टूथपेस्ट काही नाही. खरं एरर नाणं सापडलं आणि चकचकीत करून त्याची किंमत घालवली असे लोक खूप आहेत.

पहिली फेरी, भिंगाशिवाय

सगळी चिल्लर टेबलावर ओता, एका किमतीची आणि एकाच नमुन्याची नाणी वेगळी करा, मग शक्यतो वर्षाप्रमाणे. आता सगळी एकाच बाजूने वर करून ओळीने मांडा आणि नुसती नजर फिरवा. डोळा फरक पकडण्यात फार तरबेज असतो, फक्त त्याला सारख्या वीस वस्तू शेजारी शेजारी द्याव्या लागतात. एक नाणं सुटं घेऊन बघत बसलात तर "हे असंच असतं का?" यातच वेळ जातो.

या फेरीत मोठ्या गोष्टी सापडतात: चित्र एका बाजूला सरकलेलं आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर, नाणं नेहमीपेक्षा रुंद आणि पातळ, कडेचा घास घेतल्यासारखा तुकडा नाही, रंगच वेगळा. चित्र सरकलेलं असेल आणि तरीही वर्ष दिसत असेल तर संग्राहकांना ते जास्त आवडतं, वर्ष नसेल तर नाणं कुठलं तेच धड सांगता येत नाही.

मग तीच नाणी एकावर एक रचून चळत करा आणि बाजूने बघा. ही युक्ती फार लोक करत नाहीत आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फायद्याची हीच आहे. कडेवरच्या रेघा अर्ध्याच उंचीपर्यंत आहेत आणि वर पायरीसारखी धार आहे, म्हणजे छापताना कॉलर पूर्ण वर आली नव्हती. रेघा अजिबातच नाहीत आणि नाणं रुंद, म्हणजे कॉलर नव्हतीच. वेगवेगळ्या धातूंचे थर असलेल्या नाण्यांत एखाद्याच्या कडेला थराचा रंग दिसत नाही, म्हणजे एक थर सुटलेला असू शकतो, ते नाणं लगेच काट्यावर ठेवा. कडेवर अक्षरं असतील तर ती आहेत का तेही बघा. अमेरिकेत २००७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचं एक डॉलरचं नाणं आलं त्यातली बरीच नाणी कोऱ्या कडेची बाहेर पडली, कारण त्या नाण्यात कडेवरची अक्षरं छापून झाल्यावर वेगळ्या मशीनमध्ये उमटवायची होती आणि काही नाणी त्या मशीनमध्ये गेलीच नाहीत.

फिरलेली डाय

हे तपासायला दहा सेकंद लागतात. नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटांत धरा, छापा सरळ ठेवा आणि उभ्या अक्षावर दार उघडल्यासारखं फिरवा. युरो आणि ब्रिटिश नाण्यांत मागची बाजूही सरळच दिसते, अमेरिकन नाण्यांत ती उलटी, डोकं खाली दिसते. दोन्ही बरोबर आहेत, तुमच्याकडच्या नाण्याची पद्धत कुठली ते आधी पाच सहा नाणी फिरवून ठरवा. मग एखादं नाणं तिरकं आलं तर डाय फिरलेली आहे. पाचदहा अंशांचं तिरकेपण सर्रास असतं, त्यात काही नाही. ४५, ९०, १८० अंश असेल तर नाणं बाजूला ठेवा.

वजन आणि माप

ज्या नाण्यावर शंका आली ते वजन करायचं. मूळ वजन आणि व्यास टांकसाळ जाहीर करत असते. उदाहरणार्थ १ युरो ७.५ ग्रॅम आणि २३.२५ मिलिमीटर. अमेरिकेचा सेंट १९८२ च्या आधी ३.११ ग्रॅमचा आणि नंतर जस्ताचा झाल्यावर २.५ ग्रॅमचा, आणि खुद्द १९८२ मध्ये दोन्ही निघाले, म्हणजे त्या वर्षाचं नाणं हलकं निघालं म्हणून नाचायचं नाही. थोडा इकडेतिकडे फरक चालतो, झीज धरून.

व्यास कमी, वजन कमी आणि सगळी अक्षरं एकसारखी मऊ, वितळल्यासारखी असतील तर कुणीतरी ते ॲसिडमध्ये बुडवलंय. टांकसाळीत पातळ चकतीवर छापलं असतं तर व्यास बरोबर आला असता, कारण कॉलर तीच असते.

चुंबकाचा उपयोग बघा. युद्धामुळे तांबं वाचवायचं म्हणून १९४३ मध्ये अमेरिकेने सेंट पोलादाचे काढले, आणि आधीच्या तांब्याच्या मोजक्या चकत्या मशीनमध्ये राहून गेल्या त्यांच्यावरही छाप बसला. ती नाणी इतकी प्रसिद्ध झाली की लोकांनी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून विकले. चुंबकाला चिकटलं की विषय संपला. चिकटलं नाही तरी आकडे भिंगाखाली बघायचे, १९४८ च्या आठला कापून तीन करणारेही होते.

दुहेरी अक्षरं, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

भिंग घेतल्यावर एक क्रम ठरवून टाका: वर्ष, टांकसाळीची खूण, मग अक्षरं एका दिशेने, मग चेहऱ्यावर डोळा आणि कान, शेवटी कड. दर वेळी तोच क्रम.

आता अक्षरं दोन दोन दिसली की सगळे ओरडतात डबल डाय. थांबा. खरी डबल डाय म्हणजे डाय बनवतानाच झालेली चूक. डाय बनवताना हब नावाचा उठावाचा ठसा डायमध्ये दाबतात, पूर्वी तो एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागायचा, आणि दुसऱ्या वेळी तो केसभर फिरलेला असला की डायवर चित्र दोनदा कोरलं जायचं. अशा नाण्यावर दोन्ही प्रती उठावाच्या असतात, गोलसर, दोघांची उंची जवळपास सारखी, अक्षराच्या टोकाला खाच पडून ते दुभंगलेलं दिसतं आणि अक्षर एकूण नेहमीपेक्षा जाड होतं.

याउलट मशीनचं डबलिंग. छापून झाल्या झाल्या सैल डाय किंचित हलते आणि ताज्या अक्षराची कड दाबून चपटी करते. तिथे दुसरी प्रत म्हणजे एक सपाट, खालची, चमकदार पायरी, फळीसारखी, आणि अक्षराचा मूळ भाग उलट बारीक झालेला असतो, कारण ती पायरी अक्षरातूनच कापली गेलीय. जाड झालं तर डाय, बारीक झालं तर मशीन. हे एक वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझी नाणी ठेवायची निम्मी पाकिटं वाचली असती. मशीनचं डबलिंग ढिगाने सापडतं आणि संग्राहक त्याला विचारत नाहीत.

तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. खूप नाणी छापून डाय थकली की अक्षरांच्या कडा पसरट, धुरकट होतात, भोवतीचा सपाट भागही लाटालाटांचा दिसतो. तेही दुहेरी वाटतं, पण धड दुसरी प्रत कुठेच नसते.

डबल डायचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे १९५५ चा अमेरिकन सेंट. त्यात वर्ष आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चूक लक्षात आली तेव्हा ती नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती आणि सगळी वितळवण्यापेक्षा जाऊ देत असं ठरलं, वीस हजारांच्या वर बाहेर गेली. त्यातली बरीच म्हणे सिगरेटच्या पाकिटांतून लोकांपर्यंत पोचली, कारण सिगरेट विकणाऱ्या मशीनमध्ये २५ सेंट टाकायचे आणि पाकीट २३ चं, म्हणून वरचे दोन सेंट पाकिटाच्या कागदातच घालून द्यायचे. एवढं मोठं डबलिंग आता सापडायची आशा फार धरू नका, हल्ली बऱ्याच टांकसाळी एकाच दाबात डाय बनवतात. त्यातही चूक होते पण ती बारीक असते आणि जास्त करून मध्यभागाकडे.

भेगा, टवके आणि कडेचे फुगवटे

नवशिक्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी, कारण चिल्लरीत सगळ्यात जास्त हेच मिळतात. डायची भेग म्हणजे नाण्यावर एक बारीक उंच रेघ, वाकडीतिकडी, अक्षरांवरून आरपार जाणारी, नदीच्या नकाशासारखी. अगदी सरळ असेल तर सावध व्हा. दोन अक्षरांच्या मधे धातूचा उंच ठिपका म्हणजे डायचा टवका उडालाय, जुन्या अमेरिकन सेंटवर लिबर्टी शब्दात बी आणि ई च्या मधे असा ठिपका वारंवार यायचा, तो चक्क इंग्रजी आय अक्षरासारखा दिसतो आणि लोक त्याचाच वेगळा संग्रह करतात.

भेग वाढत वाढत कडेला दोन ठिकाणी भिडली आणि मधला डायचा तुकडा पडला, तर नाण्यावर कडेला चिकटून एक कोरा उंच गोळा येतो. हा मस्त एरर. खरा आहे का बघायला नाणं उलटं करा: त्या गोळ्याच्या बरोबर मागे दुसऱ्या बाजूचं चित्र पुसट असतं, कारण धातू समोरच्या पोकळीत गेला आणि इकडे दाब पुरेसा बसला नाही. डिंक लावून किंवा धातूचा डाग देऊन केलेल्या गोळ्यामागे हे नसतं.

कधी प्रेसमध्ये चकती आलीच नाही आणि दोन डाय एकमेकींवर आपटल्या, तर एका बाजूच्या चित्राची फिकट उलटी बाह्यरेषा दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या जागेत दिसते. ती घालवायला डाय घासतात, आणि जास्त घासली तर बारीक तपशीलच निघून जातो. अमेरिकेच्या डेन्व्हर टांकसाळीच्या १९३७ च्या पाच सेंटवरचा बायसन असाच तीन पायांचा झाला.

गायब अक्षरं आणि खड्ड्यांचे अपवाद

एखादं अक्षर नाहीच, पण ती जागा बाकी सपाटीसारखीच आहे, ओरखडा नाही, तर डायमध्ये ग्रीस भरलेलं होतं. अमेरिकेत २००५ च्या कॅन्सस राज्याच्या क्वार्टरवर, म्हणजे २५ सेंटच्या नाण्यावर, ट्रस्ट शब्दातला पहिला टी असा गेला आणि ट्रस्टचं रस्ट होऊन देवावर विश्वास याऐवजी देवात गंज असं काहीतरी वाचायला मिळालं. पण पुसट अक्षर आणि झिजलेलं अक्षर यात गल्लत होते, म्हणून आजूबाजूची अक्षरं कशी आहेत ते बघा, सगळंच पुसट असेल तर ती झीज.

धागा, तार, धातूचा कण चकती आणि डायच्या मधे आला तर मात्र नाण्यावर खरोखरचा खड्डा पडतो. ओळखायचं असं: नंतर पडलेल्या चऱ्याच्या काठाला बाजूला ढकललेला धातू उभा राहिलेला असतो, नखाला लागतो. छापताना पडलेल्या खड्ड्याचे काठ शांत असतात. तसंच चकतीतच अशुद्ध धातू असेल तर वरचा पापुद्रा सुटतो, तोही टांकसाळीचाच दोष.

घास घेतलेली कड

पट्ट्यातून चकती काढताना पंच आधीच्या भोकावर अर्धवट पडला की गोल घास निघालेली चकती तयार होते. कानस किंवा पक्कडीने हे करणं सोपं असल्यामुळे नकलाही भरपूर. दोन गोष्टी तपासा. घासाच्या जवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी, निमुळती होतात का, कारण तिथे धातू कॉलरला टेकत नव्हता आणि मोकळ्या जागेत वाहिला. आणि घासाच्या बरोबर समोरची कड पुसट आहे का, कारण कड उचलणाऱ्या मशीनमध्ये घासाच्या जागी दाब बसला नाही म्हणजे समोरही बसला नाही. याला ब्लेक्सली इफेक्ट म्हणतात, प्रत्येक खऱ्या नाण्यावर तो असेलच असं नाही, पण दिसला तर मी जवळपास निश्चिंत होतो. नंतर कापलेल्या नाण्यावर अक्षर धारेपर्यंत जसंच्या तसं येतं आणि तिथेच तुटतं.

दोन धातूंची नाणी

मधला गोळा सरकलेला, फट राहिलेली, एका धातूचा ओघळ दुसऱ्यावर आलेला, हे सगळं टांकसाळीत होऊ शकतं. पण गोळा फिरलेला असेल, म्हणजे रिंगवरून आत येणारी रेघ गोळ्यावर जुळत नसेल, तर तो नंतर काढून परत बसवलेला आहे. रिंग आणि गोळा एकाच दणक्यात छापले जातात, रेघ तुटणार कशी?

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणंही जवळपास नेहमी जादूच्या प्रयोगासाठी बनवलेलं असतं, एक नाणं पोखरून दुसरं आत बसवतात. कडेच्या आतल्या बाजूला भिंगाने बारीक सांधा शोधा, किंवा टेबलावर टाकून आवाज ऐका, बद्द येतो.

सापडलं तर पुढे

एका छोट्या पाकिटात ठेवा, मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशवीत नको, त्यातून नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. पाकिटावर तारीख, वजन, व्यास आणि दोष कुठे आहे ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहा, "छाप्यावर चार वाजता उंच रेघ" असं, दुसऱ्याशी जुळवताना फार सोपं पडतं. ऑनलाइन भाव बघणार असाल तर विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांची बघा. बारीक भेगा आणि टवक्यांना बऱ्याचदा दर्शनी किमतीच्या थोडं वरच मिळतं, आणि प्रमाणपत्राची फी त्याहून जास्त होते.

माझ्याकडे एक डबा आहे, ज्या नाण्यांचं उत्तर मिळालं नाही ती त्यात. अधूनमधून काढून परत तोच प्रश्न विचारतो, कुठल्या मशीनमध्ये. मागच्या वेळी त्यातली चार परत गल्ल्यात गेली आणि एक पाकिटात.